वीतभर उतार

दादा, मी निघाले त्या सकाळी गाडी बांधावर उभी होती आणि आप्पांनी मला शेतात उभं केलं होतं. शेवंती लावायच्या आधी उतार मोजायचा होता. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक तू विहिरीपाशी धरलंस, दुसरं घेऊन आप्पा दहा-दहा पावलांवर थांबत होते आणि आकडे मी माझ्या वहीत लिहीत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. "वाजवू दे. वीतभर उतार हाय, पण त्याच्यावरच सगळं शेत भिजतं," आप्पा म्हणाले. घाईत ती वही माझ्याबरोबर म्युनिकला आली.

इथे मी दिवसभर पायथॉन या संगणकाच्या भाषेत त्रिमितीय आलेख काढते. लांबी, रुंदी, उंची दिली की स्क्रीनवर पृष्ठभाग उभा राहतो, माउसने हवा तसा फिरवता येतो. लोकांच्या यंत्रांचे आलेख काढून पोट भरतं. तक्रार नाही, पण जीवही रमत नाही.

शेत विकलं तेव्हा तुझ्याइतकीच माझीही सही होती, तीही इथूनच पाठवलेली. जेसीबी फिरला, प्लॉट पडले. नाशिकमध्ये इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आप्पा बोलेनासे झाले. मला वाटलं, वहीतल्या आकड्यांचा आलेख काढून शेत त्यांना दाखवावं, निदान दोन शब्द बोलतील. माझा खुळेपणा, दुसरं काय!

गेल्या रविवारी तू व्हिडिओ कॉल लावून दिलास. मी आलेख सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवला. आप्पा स्क्रीनजवळ वाकले.

"हा कुठला डोंगर म्हणायचा गं?"

चूक माझी. उंचीचा अक्ष प्रोग्राम आपोआप ताणतो, वीतभर उताराचा कडा होतो. मी घाईघाईने तिन्ही अक्ष एकाच मापाचे केले. मग उरला नुसता सपाट चौकोन. आकडे तेच, आप्पांनी सांगितलेले, एकही बदललेला नाही. उतार तेवढा कुठे दिसेना.

"हां, आता बरोबर," आप्पा म्हणाले. "असंच करून टाकलं नाय का त्यांनी."

'त्यांनी' म्हणाले, दादा. आपलं नाव घेतलं नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घर कुठे, असं इथे कुणी विचारलं तर मी अजून नाशिक सांगते. पण परत यायला तिथे तो वीतभर उतारही उरलेला नाही, आणि तो घालवणाऱ्यांत मी होते.