काठावर

आमच्या गावात ‘काठावर’ हा शब्द चांगल्या अर्थानंच वापरतात. पोरगं दहावीला पस्तीस मार्कांवर सुटलं, की ते काठावर पास. कृष्णेला पूर आला आणि होडीतून माणसं बाहेर काढली, की ती काठावर आली, म्हणजे वाचली. सातारा आणि सांगलीच्या शिवेवर, नदीला अगदी खेटून आमचं गाव आहे. त्यामुळे आरोग्य उपकेंद्रातल्या मॅडमनी फोन करून सांगितलं, "काका, रिपोर्ट आलाय, तुमची साखर काठावर आहे, येऊन भेटा," तेव्हा मी सरळ मोटारसायकल काढली आणि तालुक्याला जाऊन अर्धा किलो कंदी पेढे आणले.

आनंदाला कारणही तसंच होतं. वडील साखरेच्या दुखण्यातच गेले. माझे थोरले भाऊ, अण्णा, त्यांनाही साखर, पायाच्या अंगठ्याला साधी जखम झाली, ती भरेना, मग दोन बोटं गेली, आणि शेवटी मिरजेला नेऊन उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी फौजेत चोवीस वर्षं काढली. तिथं मी कशालाच भ्यालो नाही असं गावात सांगतो, पण अण्णांचा तो पाय बघितल्यापासून मी माझ्या पायांना भीत होतो. आंघोळीनंतर दार लावून तळवे तपासायचो. बायकोला वाटायचं, म्हाताऱ्याला चिखल्या झाल्यात.

तर पेढ्यांचा डबा घेऊन मी उपकेंद्रात गेलो. मॅडम म्हणजे वयानं माझ्या मुलीएवढी, जतकडची मुलगी. डबा पुढं केला तशी तिनं विचारलं, "कशाचे पेढे, काका?"

"पास झालो न्हवं! काठावर का असंना."

तिनं पेढा उचलला होता. तो हातातच राहिला. हसली असती तरी मला चाललं असतं, पण ती हसली नाही.

"काका, मी जतची. आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं. काठ काय असतो ते मला इथं नोकरीला आल्यावर कळलं," ती म्हणाली. "पुराचा इशारा आला, की गावात पहिल्यांदा कुणाची घरं खाली करायला लावता?"

उत्तर मला ठाऊक होतं: पहिल्यांदा काठावरची.

"तसंच आहे बघा की. तुम्हाला मधुमेह झालेला नाही, पण पाणी पायरीला लागलंय. अजून हलता येतंय. गोळीसुद्धा लागणार नाही कदाचित. पण आता हलायला पाहिजे."

मला राग आला. खरं सांगायचं तर तिचा नाही, माझाच आला, पण निघाला तिच्यावर. "तुमी आमाला शिकवू नका, आमी फौजी मानसं," असं काहीतरी बोलून मी डबा उचलला आणि चालता झालो. रस्त्यात त्याच रागात चार पेढे खाल्ले.

वाटेत अण्णांचं घर. ते दारातल्या खाटेवर बसले होते. डबा बघून त्यांनी कारण विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, काठावरचं आणि त्या पोरीच्या आगाऊपणाचंही. अण्णा एरवी माझ्यावर डाफरण्याची संधी सोडत नाहीत. त्या दिवशी नुसता हात पुढं केला. "आण तो डबा हिकडं." पेढे त्यांनी म्हशीच्या घमेल्यात ओतले आणि म्हणाले, "उद्यापास्नं जायाचं त्या पोरीकडं. का म्हून इचारायचं न्हाई."

मी विचारलं नाही. लहानपणापासून ती सवयच नव्हती.

दर मंगळवारी सकाळी उपकेंद्राच्या व्हरांड्यात आम्हा काठावरच्यांची सतरंजी पडायची. दहा-बारा जण असू, त्यात बायका जास्त. मॅडम टेपनं पोटाचा घेर मोजायची. फौजेत माझी छाती मोजली होती, पोट मोजणारी ही पहिलीच. मग प्रत्येकानं आदल्या दिवशी काय खाल्लं ते सांगायचं. मी सांगितलं: दोन भाकरी, वरण, मेथीची भाजी. ती म्हणाली, छान. चहा किती?

"दोन कप."

"कप नको, काका. घरं मोजा. काल किती घरी गेला होता?"

मी मोजू लागलो. सोसायटीचा सेक्रेटरी, पाहुणे बघायला दोन शेजाऱ्यांकडं, पाण्याच्या पाळीचं विचारायला तीन ठिकाणी, अण्णांकडं सकाळ-संध्याकाळ. सात घरं भरली. आमच्याकडं दारात आलेला माणूस बिनचहाचा परत जात नाही, आणि चहात साखर कमी असली तर लोक त्या घराला नावं ठेवतात. त्यातून आम्ही कारखान्याचे सभासद, साखर पोत्यानं घरात येते. ती चमच्यानं मोजायची आम्हाला लाज वाटायची.

मी साखर सोडली. दुसऱ्याच दिवशी सोडली, फौजी माणूस, हुकूम म्हणजे हुकूम. पुढच्या मंगळवारी छाती काढून सांगितलं, "साखर बंद. आता निव्वळ गुळाचा चहा, आणि भाकरीबरोबर काकवी." सगळा व्हरांडा माना डोलवू लागला. गूळ औषधी, असं सगळ्यांचंच मत होतं. मॅडमनी डोक्याला हात लावला. "काका, गूळ काय ज्वारीचा करतात का?" तेव्हा पिकलेला हशा मला अजून ऐकू येतो, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं हसणारी माझी बायको होती. ती काठावर नव्हतीच, नुसती मजा बघायला यायची.

त्या मुलीचं मला कौतुक वाटलं ते यानंतर. चहाला नको म्हणा, असं तिनं एकदाही सांगितलं नाही. ती म्हणाली, नको म्हणणं आपल्याकडं जमायचं नाही, माणसं दुखावतील. चहा घ्या. फक्त म्हणा, बिनसाखरेचा टाका, साखर वाटीत वेगळी द्या. देणाऱ्याचा मान राहतो, आणि वाटी तशीच परत जाते. इतकी साधी गोष्ट, पण ती आमच्यात राहून, आमच्या सात घरांचा चहा पिऊनच कुणाला तरी सुचणार. दोन-तीन महिन्यांत आमच्या गल्लीत कुणी आलं, की न मागता वाटी बाहेर येऊ लागली.

चालण्याचं काम मी माझ्याकडं घेतलं. पहिल्या दिवशी बायकांना रांगेत उभं करून "लेफ्ट-राइट" म्हणालो, तर एक म्हातारी म्हणाली, "आवं, आमी काय चीनवर निघालोय व्हय?" मॅडमनी चालण्याचं एक माप दिलं होतं: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. आमच्या बायका ओव्या म्हणायला लागल्या, की मी मागून ओरडायचो, "गाणं याया लागलंय, चाल वाढवा!" रोज सकाळी आमची पलटण अण्णांच्या दारावरून नदीकाठच्या मळीच्या रस्त्यानं जायची. अण्णा खाटेवरून बघायचे. मी हाक मारायचो, ते हात वर करायचे. त्या एका पायाच्या माणसासमोरून धडधाकट चालत जाताना सुरुवातीला मला चोरट्यासारखं व्हायचं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. लग्नसराईत मी घसरलो. एकदा मेढ्याजवळच्या सासुरवाडीत तीन दिवस जिलेबीवर काढले आणि पुढच्या मंगळवारी दांडी मारली. मॅडम स्कूटीवरून घरी आली. रागावेल म्हणून मी तयारीत होतो. ती ओट्यावर बसली, बिनसाखरेचा चहा प्याली, आणि जाताना एवढंच म्हणाली, "मंगळवारी तुमच्याशिवाय चालायला कुणी रांगेत उभं राहिना." दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर होतो. मला माणूस ओळखता येतो असं मला वाटायचं, पण ती मला माझ्यापेक्षा जास्त ओळखून होती.

वर्षानं पुन्हा रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा खाली आला होता. मॅडमनी कागद माझ्यापुढं सरकवला. "काका, काठापासून मागं आलात. पण नदी तिथंच आहे, विसरू नका." या वेळी मी रानातून हरभऱ्याचा डहाळा आणला होता, हिरवागार, मोठी पेंडी. तिनं तिथंच दोन घाटे सोलून तोंडात टाकले. मला तिला बरंच काही म्हणायचं होतं. ‘पोरी, तू माझे पाय राखलेस,’ एवढंच म्हणता आलं, आणि तेही धड नाही.

तिथून थेट अण्णांकडं गेलो. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितला. मग कागदाची घडी घालत म्हणाले, "मलाबी सांगितलावता हाच शबूद."

"कुनी?"

"लय वर्सं झाली. पाय धड हुता तवाची गोष्ट. एका डॉक्टरनं रक्त बघितलं आन् म्हनला, काठावर हाय. पुढं कायबी बोलला न्हाई, मीबी इचारलं न्हाई. मला वाटलं, सुटलो. घरी यिऊन तुझ्या वहिनीला बासुंदी कराय लावली." त्यांनी कागद मला परत दिला. "तुझा पेढ्याचा डबा बघितला, तवा माझी बासुंदीच दिसली मला. कुनाला बोललो न्हवतो आजवर."

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसून राहिलो. एकच शब्द दोघा भावांना मिळाला होता. मला तो समजावून सांगणारं माणूस मिळालं, त्यांना मिळालं नव्हतं, एवढाच फरक. त्यात माझी हुशारी काडीची नाही.

मग ते म्हणाले, "उद्या माझ्या पोराला संगं घिऊन जा. चाळिशी आली त्याची, पोट सुटलंय. आदी रगत दाखव त्या पोरीला, मग चालीव."

पुतण्याचं रक्त दाखवून झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची पलटण अण्णांच्या दारात थांबली. पुतण्या पायरीवर बसून बूट घालत होता. बूट अण्णांचे. डावा झिजून पांढरा पडलेला, उजवा दुकानातून आणल्यासारखा कोरा. आम्ही निघालो, बायकांनी सवयीनं ओवी धरली, आणि मी तोंड उघडायच्या आत मागून खाटेवरून आवाज आला.

"गाणं याया लागलंय रं! चाल वाढवा!"