खळ्यावरचं यंत्र

सुप्याच्या माळावर ज्या कातळावर भूकंपमापन केंद्र झालं, ते आमच्या वस्तीचं खळं होतं. साहेब लोक जागा बघायला आले ते श्रावणात. कातळ रिकामा होता, आणि यंत्राला मातीपेक्षा खडक बरा. किल्लारीच्या भूकंपाचं सगळ्यांनी ऐकलेलं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बारामतीत फिजिक्स शिकत होतो, म्हणून रोजचं काम माझ्याकडे आलं. यंत्राचं पेन ज्यावर रेघ ओढतं तो ड्रमवरचा कागद बदलायचा, रेडिओच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचं आणि फोनच्या बूथवरून पुण्याच्या ऑफिसला नोंदी सांगायच्या.

ज्वारी निघाली तशी खळ्यावर कणसं पडली आणि त्यांवरून ट्रॅक्टर गोल फिरू लागला. कागदावरची रेघ दिवसभर जाड, गिचमिड. त्यातच एका सकाळी धक्का बसला. घराघरात भांडी वाजली.

भूकंपाच्या दोन लाटा एकामागून एक येतात. त्यांच्यात जितका वेळ जास्त, तितका भूकंप लांबचा. फोनवर ऑफिसने तेवढंच विचारलं, पण दोन्ही लाटा ट्रॅक्टरच्या गिचमिडीत बुडालेल्या. ऑफिसकडे बावडा गावच्या आणि आणखी एका केंद्राच्या नोंदी होत्या. तिसरी आमची. तिच्यावाचून जागा पक्की ठरत नव्हती.

आमचं घर दगडमातीचं, धाब्याचं. आईने त्याच दिवशी अंथरूण अंगणात काढलं. भाकरी थापतानाही तिची नजर आढ्याकडे.

"लांबचा व्हता का जवळचा, एवढंच सांग," ती म्हणायची. मला सांगता येत नव्हतं. कॉलेजातही मन लागेना.

खळ्यावर तेव्हा शेजारच्या आबांची रास होती. मी भीत भीत गेलो.

"आबा, जरा ट्रॅक्टर थांबवता का? पुन्हा धक्का आला तर यंत्राला कळंल."

"आन् आभाळ आलंय ते? ज्वारी भिजली तर तुजं मशीन भाकरी देनार हाय व्हय?"

आबांनी आमच्या अंगणाकडे पाहिलं.

"वैनी अजून भाईरच झोपत्यात?"

"व्हय."

"मग उद्याच्या दिस थांबतो. परवा न्हाय."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर बंद, तरी रेघ थरथरतच होती. यंत्राच्या खोलीतून बाहेर आलो तर अर्धी वस्ती कातळावर! कुणी पोरं हाकलतंय, कुणी शेरडांमागे धावतंय.

"गप बसा रं, मशीन ऐकतंय!" आबा ओरडत होते. मला म्हणाले, "काळजी नगं, आमी राखण करतोय."

मी आबांना आत नेलं आणि पाय आपटायला सांगितलं. पेन उडालं.

"आयला! म्हंजी चोर आमीच," आबा म्हणाले. हसत हसत सगळे उठले. एक जण तर चपला हातात घेऊन चवड्यांवर गेला.

दुपारी रेघ बारीक झाली. मला बसवत नव्हतं, आणि उठून फिरायचीही चोरी. मग पेन जरासं हललं. शांत झालं. बऱ्याच अवकाशाने पुन्हा हललं, या वेळी मोठं. मी मधलं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. बूथकडे धावलो. संध्याकाळी ऑफिसने तिन्ही केंद्रांच्या नोंदी जुळवून सांगितलं, भूकंप पश्चिमेचा, घाटातला. आधीचाही तिथलाच असणार.

"आई, लांबचा हाय. घाटाकडचा."

तिने सुस्कारा सोडला, अंथरूण गुंडाळलं आणि उंबऱ्याशी थबकली.

"मंग तितल्या बायकांनी कुठं झोपायचं?"

दिवसभर मी अंतर मोजत होतो. त्या अंतराच्या टोकाला कुणाचं अंगण असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"उद्या इचारतो," मी म्हणालो. कुणाला विचारणार होतो, कोण जाणे.

ती आत गेली. आभाळ आणखी खाली उतरलं होतं. सकाळची वाट न बघता आबांनी ट्रॅक्टर सुरू केला, आणि मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो.