खडीच्या रस्त्यावरची संकष्टी

लेक अलास्कात असते असं सांगितलं की लोक आधी थंडीबद्दल विचारतात आणि मग तिच्या लग्नाबद्दल. मी दोन्हींचं उत्तर देत नाही. ती तिथं जमिनीखालच्या बर्फाचा अभ्यास करते. आम्ही दोघं अ‍ॅरिझोनात, चँडलरला. दोघंही रिटायर्ड. चार बेडरूमचं घर आहे आणि त्यातल्या तीन खोल्या नुसत्या झाडायच्या.

मागच्या वर्षी फोनवर ती सहज बोलून गेली, की आमच्या जवळच्याच एका कॉलेजनं तिला नोकरी देऊ केली आहे. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. म्हणाली, "विचार करतेय." संकष्टी मी पहिल्यापासून करायची, पण सवयीनं. त्या फोननंतर ती जवळ यावी, असं मागणं मागून करायला लागले. आणि मग तिनं आम्हाला बोलावलं. जूनमध्ये या, मी सुट्टी घेते, उत्तरेला कॅम्पिंग करत जाऊ म्हणाली. मला वाटलं, समोर बसवून गोड बातमी द्यायची असेल.

निघताना यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. "नोकरीचा विषय काढायचा नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल." मी हो म्हटलं. तोंडाला कुलूप लावून प्रवास करणं किती अवघड असतं हे यांना कसं कळणार, हे मुळातच कमी बोलतात.

फेअरबँक्सला विमानातून उतरलो आणि तिच्या जुन्या पिकअपमधून निघालो. तेलाच्या पाइपलाइनच्या कडेनं जाणारा खडीचा रस्ता, समोरून अवाढव्य ट्रक, आणि प्रत्येक ट्रकबरोबर काचेवर दगडांचा मारा. मैलोन् मैल घर नाही, दुकान नाही. वाटेत ट्रकवाल्यांसाठी एक मोटेल लागलं. पत्र्याच्या खोलीचं भाडं ऐकून हे असे मागं फिरले, की आता तंबूशिवाय गत्यंतर नाही हे मी ओळखलं. फुकटात झोपायला मिळतंय म्हणून हे खूश, आणि उशीखालचा दगड मात्र माझ्या वाट्याला. त्यात अस्वलांची भीती. माझे शेंगदाण्याचे लाडू लेकीनं एका जाड डब्यात बंद करून तंबूपासून लांब नेऊन ठेवले. तो डबा अस्वलाला उघडता येत नाही म्हणे. मलाही येत नव्हता.

डोंगरांत शिरलो त्या दिवशी संकष्टी होती. एका नदीकाठी तंबू ठोकला. दिवसभर मी खजूर आणि त्या लाडवांवर होते. घरी चंद्रोदयाची वेळ फोनवर बघते, इथं फोनला रेंज नव्हती.

"रेंज नाही म्हणून चंद्र उगवायचा थांबतो थोडाच," मी म्हटलं.

"आई, इथं थांबतो," लेक म्हणाली. "जूनमध्ये मून खूप लो असतो. या डोंगरांच्या वर येतच नाही. तुला दिसणार नाही."

"मग झालं तर," हे म्हणाले. "उपास आपोआप कॅन्सल."

"उपास म्हणजे काय फ्लाइट आहे कॅन्सल व्हायला?" मी उसळले. पोटात काही नसलं की माझा राग नाकावर असतो. त्यातून एवढे दिवस गिळलेलं होतंच सगळं. चंद्र दिसेपर्यंत मी जेवणार नाही, मग उद्या दिसो नाहीतर परवा, असं ठणकावून सांगितलं आणि खुर्ची फिरवून बसले.

आता लेक वाद घालणार, ही माझी अपेक्षा. ती थोडा वेळ दक्षिणेकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, उठा. टेंट काढू या."

"कुठं जायचंय?"

"मागे. डोंगर संपतात तिथून दिसेल."

म्हणजे दिवसभर खडखडत आलो तो सगळा रस्ता उलटा. पेट्रोलच्या आठवणीनं यांनी डोळे मिटून घेतले. पण तिनं एकटीनंच तंबू गुंडाळला, भराभर, घरातली चादर घडी करावी तसा. भांडायची माझी सगळी तयारी वाया गेली.

हे मागच्या सीटवर घोरायला लागले. मी पुढं, तिच्या शेजारी. रात्र म्हणायची, पण जूनमध्ये तिथं सूर्य मावळत नाही, त्यामुळं ऊन होतंच. पाठीमागून येत होतं आणि आमच्या पिकअपची लांबलचक सावली आमच्याच पुढं धावत होती. लेक बोलत होती. या वळणावर कोल्हीण पिल्लं घेऊन येते, त्या उतारावर मी बर्फ तपासायला खड्डा खणला होता, इथं हिवाळ्यात गाडी बंद पडली तेव्हा एका ट्रकवाल्यानं मला सूप पाजलं. फोनवर "हो, जेवले" याच्या पुढं न जाणारी ही मुलगी मैलच्या मैल बोलत होती. मला फार सुख वाटत होतं आणि तितकीच धास्तीही वाटत होती. माणूस आपल्या गावाबद्दल बोलतो तशी ती बोलत होती.

एका उघड्या माळावर तिनं गाडी थांबवली. झाड नाही, नुसते खडक आणि गुडघ्याएवढी झुडपं. मी मान वर करून शोधायला लागले.

"वर नाही आई, खाली बघ."

पार खाली, टेकडीला टेकल्यासारखा चंद्र होता. फिकट, एका बाजूनं चेपलेला. स्टीलच्या मगमधून पाणी सोडलं, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. डास चावत होते, तरी हात जोडून बराच वेळ उभी राहिले.

"काय मागितलंस?" तिनं विचारलं.

"बाबांचा गुडघा."

ती हसली नाही. "आय नो, आई. मी मेमध्येच त्या कॉलेजला नकार कळवला."

मे महिन्यात. म्हणजे मधल्या संकष्टीला मी जे मागितलं, ते आधीच निकालात निघालेलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस. आणि मला तुला हे सगळं एकदा दाखवायचं होतं."

तरीही आले असते गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण नसते आले. रुसून बसले असते, हे तिला माहीत होतं आणि मलाही. तिनं छोट्या शेगडीवर मुगाची खिचडी केली. मी ती खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पाहून ती मला बिलगून बसली. इतक्या जवळ ती लहानपणानंतर बसली नव्हती.

"आई, माझ्यासाठी आता उपास नको करूस हं. मी ठीक आहे इथं. खरंच."

"नाही करणार," मी म्हटलं.

दर महिन्याला करते. चंद्र दिसला की हात जोडते. ती तिथं सुखात आहे, हे मी डोळ्यांनी पाहून आले आहे. तरी मागते ते तेच.