इतिवृत्तातली दुरुस्ती

"अरे, गुडघ्यांचं कसलं कौतुक सांगतोस? आमच्या ओट्याखाली उकिडवं बसण्यात तुमच्या पिढ्या गेल्या. तुला तर हे जमायलाच पाहिजे."

हे वाक्य मी हूफडॉर्पमध्ये ऐकलं. नेदरलँड्समधल्या एका बेसबॉल क्लबच्या कॅन्टीनमध्ये, शनिवारी सकाळी, माझ्या कराराची बोलणी चालू असताना.

बोलणारे आमचे प्रायोजक. मूळचे पुण्याचे, इथे स्वतःची आयटी कंपनी. क्लबला पैसा त्यांचा, जर्सीवर नाव त्यांचं, आणि मला भारतातून इथे आणलं तेही त्यांनीच. पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं होतं, "मूळ गाव कुठलं? आणि गावात घर कुठल्या अंगाला?" मी सांगितलं. त्यांना हवं ते कळलं.

मी कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. एका सामन्यात शंभर-सव्वाशे वेळा खाली बसायचं, उठायचं. वय तेव्हा छत्तीस. डावा गुडघा सकाळी जिना उतरताना रडवायचा. म्हणून नव्या करारात मी दोन गोष्टी मागितल्या. लागोपाठ दोन दिवस सामने असले तर एकातच खेळवा. आणि गुडघ्याच्या उपचारांचा खर्च क्लबने करावा. वय झालेला प्रत्येक खेळाडू हे मागतो. आमच्या दोन डच पिचरना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, तर मिळालंही होतं.

मला ते वाक्य मिळालं. मराठीत, हसत हसत.

अध्यक्ष हेंक. सत्तरीचा, भला माणूस. त्याने इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाले?"

"त्याच्या पायांचं कौतुक केलं," प्रायोजक म्हणाले.

हेंकने माझ्याकडे बघितलं. आणि मी हसलो. वर म्हणालो, "येस, स्ट्राँग लेग्ज."

त्या वाक्यापेक्षा मला या तीन शब्दांची जास्त लाज वाटते. मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. ते आपोआप आले. मग मी कमी पगारावर सही केली. दोन्ही मागण्या खोडलेल्या.

का केली? करार असेल तर इथे राहायचं परमिट. परमिट असेल तर आम्ही तिघं इथे. बायको सुनीताचं परमिट माझ्यावर, मुलगी मैत्रीची शाळा त्यावर. पाच वर्षं भरली की कायमच्या मुक्कामाचा अर्ज करता येतो, मग कुणाच्या सहीची गरज नाही. माझी तेव्हा तीन भरली होती. प्रायोजकांना हे पाठ होतं. माझ्यापेक्षा जास्त.

ते वर्ष कसं गेलं ते माझं मला माहीत. खाली बसलो की वाक्य यायचं. पिचर हात मागे नेई, तेवढ्या वेळात ते अख्खं ऐकून व्हायचं. पाडव्याला मराठी मंडळींच्या जेवणात प्रायोजकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "हा आमचा माणूस." टाळ्या पडल्या. मी श्रीखंड खाल्लं. दुसरी वाटीही घेतली. घरी मी काही बोललो नाही. बेसिनला धरून उठताना सुनीताने मला दोनदा पाहिलं, विचारलं. मी म्हणालो, "वय झालं."

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तेच टेबल. चार वर्षं भरलेली. एक मोसम उरलेला.

डच लोकांची एक पद्धत आहे. कुठलीही बैठक असो, आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचं. वाचून झालं की प्रत्येकाला विचारायचं, काही दुरुस्ती आहे का. कुणाचीच कधी नसते. सगळे मान हलवतात आणि कॉफी ओततात.

आमची चिटणीस मारयान, निवृत्त शिक्षिका. तिने चष्मा लावून वाचलं. "खेळाडूने गुडघ्याच्या त्रासाबद्दल सांगितले. प्रायोजकांनी त्याच्या मजबूत पायांचे कौतुक केले. खेळाडूने दुजोरा दिला."

खेळाडूने दुजोरा दिला. असं लिहिलेलं होतं. फायलीत, तारखेसकट.

"दुरुस्ती?" मारयानने विचारलं.

समोर नवा करार होता. यंदा महिन्याचा पगार नव्हताच, खेळलास त्या सामन्याचे पैसे. तरी करार तो करारच. सही केली असती तर वर्ष निघालं असतं.

"आहे," मी म्हणालो.

मी ते वाक्य आधी मराठीत म्हटलं, जसंच्या तसं. मग माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं. ओटा म्हणजे काय ते सांगितलं. त्याच्या वर कोण बसायचं आणि खाली कोण, ते सांगितलं. मग म्हणालो, "मी दुजोरा दिला, तो खोटा होता. मी घाबरलो होतो. हेही लिहा."

प्रायोजकांचा चेहरा उतरला. मराठीत म्हणाले, "अरे, गंमत होती ती. आपल्यातली."

"मग इंग्रजीत सांगा," मी म्हणालो. "सगळेच हसू."

मारयान लिहीत होती. हेंक म्हणाला, "हे इथेच थांबवू या का?" त्याचा आवाज मऊ होता. पण तो माझ्याकडे बघून म्हणाला, त्यांच्याकडे नाही. थांबायचं मीच होतं. मी सही न करता उठलो.

घरी सुनीताला सगळं सांगितलं. तीन शब्दांसकट. ती आधी चिडली, माझ्यावरच. "वर्षभर एकटाच कुढत बसलास? मी कोण तुझी?" मैत्री दारात उभी होती, दहा वर्षांची. म्हणाली, "पप्पा, आर वी मूव्हिंग?"

"माहीत नाही," मी म्हणालो. तिला खोटं सांगावंसं वाटलं नाही.

सोमवारी हेंकची मेल आली. पूर्ण पगार. गुडघ्याचा खर्च. लागोपाठच्या दोन दिवसांत एकच सामना. मी मागितलं होतं ते सगळं, वर्षभराचा करार, म्हणजे पाच वर्षं पूर्ण. अट एकच. इतिवृत्तात लिहायचं, की भाषेमुळे खेळाडूचा गैरसमज झाला होता.

मी मेल चार वेळा वाचली. मी मोठा शूर माणूस नाही. मला हे घर हवंय, ही शाळा हवीय, अजून दोन वर्षं खेळायचंय.

सुनीताने वाचली. म्हणाली, "जावं लागलं तर मैत्रीच्या शाळेत मी बोलते. तू उत्तर दे."

मी दिलं. डचमध्ये, कुणाची मदत न घेता. चुका असतील.

"माझा गैरसमज झालेला नाही. ते वाक्य मला पहिल्याच वेळी पूर्ण समजलं होतं. दुरुस्ती आहे तशी राहू द्या. तिच्याखाली सही करायला मी गुरुवारी येतो. दुसऱ्या कुठल्याही कागदावर करणार नाही."