मिस्त्रींचा एक हंगाम

बातमी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने आणली. इंदापूरची शाळा नुकतीच सुटली होती, मी वर्गाला कुलूप लावत होतो, आणि फाटकापाशी मोटार उभी करून तो खाली उतरला तेव्हाच मला काहीतरी उमगले. एरवी तो नुसता हॉर्न वाजवून चिठ्ठी फेकून जाई. "मास्तर, बारामतीचं रहिमानमिस्त्री गेलं. काल सकाळीच. मातीबी कालच झाली. भाभीनं सांगावा धाडलाय, सवडीनं या म्हणून." मी किल्ली खिशात टाकली, मग पुन्हा काढून कुलूप लागले की नाही ते पाहिले... सवडीने. आता घाई कसली होती?

रहिमानमिस्त्री बारामतीच्या एका जिनिंग कारखान्यात, कापसातून सरकी काढतात तिथे, इंजिनावर होते. इंदापूरला बदली होण्याआधी मी तिथे सहा वर्षे मास्तर होतो आणि माझी खोली कारखान्याच्या भिंतीला लागून होती. दिवसभर इंजिनाची धडधड, आणि दुपारी दोनची पाळी बदलली की भिंतीपलीकडून दिलरुबा. तो वाजवणारा माणूस आणि ते इंजिन चालवणारा माणूस एकच, हे मला कळायला महिना लागला. मुद्दाम बघायला गेलो तर तेलाने काळे झालेले हात राखेने घासून घासून धूत बसले होते. "तारंला तेल लागलं तर ती रुसती," म्हणाले. आमची ओळख झाली ती अशी. पुढे दर दुपारी मी त्यांच्या ओसरीवर असे. हलिमाभाभी चहा आणून ठेवत आणि मिस्त्री डोळे मिटून वाजवत.

माझ्या बदलीच्या आदल्या वर्षी पट्ट्यात हात सापडून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. दिलरुब्याच्या तारेवर फिरणारी तीच बोटे. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी दिलरुबा गवसणीत घातला आणि कोऱ्हाळ्याला, धाकट्या भावाच्या घरी पाठवून दिला. त्याबद्दल पुन्हा कधी अवाक्षर नाही. कामावर मात्र दोन महिन्यांत रुजू झाले. इंजिनाला आठ बोटे पुरत होती.

बदलीनंतर एकदा पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला बिनतारी विद्येचे एक इंग्रजी मासिक सापडले, त्यात एका नव्या वाद्याचे चित्र होते. लाकडी पेटीपुढे एक गृहस्थ दोन्ही हात हवेत धरून उभा. पेटीला एक उभी दांडी आणि बाजूला तारेचा वळसा. हात दांडीजवळ गेला की सूर चढतो, दूर गेला की उतरतो. दुसरा तळहात वळशावर खालीवर केला की आवाज लहानमोठा होतो. कशालाही स्पर्श करायचा नाही. मी ते मासिक घेऊन तडक बारामती गाठली. मिस्त्रींनी चित्र पुष्कळ वेळ पाहिले, मग आपला डावा पंजा उचलून हवेत खालीवर केला. "ह्याला बोटं लागतच न्हाईत की, मास्तर."

त्या पावसाळ्यात कारखाना बंद होता. मिस्त्रींनी मुंबईहून रेडिओत असतात तसले काचेचे दिवे मागवले, मोडक्या रेडिओंमधली तारेची वेटोळी उकलली, सागाच्या फळ्यांची पेटी आणि आवाज बाहेर पडायला पत्र्याचा कर्णा स्वतः केला. त्यांना इंग्रजी येत नव्हते. मी इंदापुराहून दर रविवारी येई आणि मासिकातल्या लेखाचे दोन-तीन परिच्छेद मराठीत लिहून देई. कधी शाळेत बसून लिहिले, कधी चालत्या मोटारीत गुडघ्यावर वही ठेवून. मिस्त्री माझे कागद पोथीसारखे वाचत, आणि मी लिहिले तसेच, तारेला तार, जोडत जात.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला, इंजिन फिरू लागले. मालकांनी मिस्त्रींच्या खोलीला इंजिनावरच्या डायनामोवरून एक तार दिली होती. तिच्यावर हे वाद्य चालायचे. पहिल्या रविवारी त्यांनी बटण दाबले. दिवे तांबूस झाले. मिस्त्रींनी उजवा हात पुढे केला... सूर आला, खरेच आला. पण त्याच्याखाली एक जाड, सलग घूंऽऽ होते. सूर थांबला तरी ते थांबेना. भाभी आतून म्हणाल्या, "भुंगा शिरलाय का पेटीत?"

तो भुंगा पुढे सारा हंगाम आत बसून राहिला. मिस्त्रींचा कान असा, की दुसऱ्या कुणी ते चालवून घेतले असते, यांना ते पाणी प्यायलाही सुचू देईना. त्यांनी एकेक दिवा बदलून पाहिला. वेटोळी आडवी होती ती उभी केली. रॉकेलच्या डब्यांचा पत्रा कापून प्रत्येक भागाला वेगळी खोली बांधली. तीनदा पेटी पार मोकळी करून पुन्हा जुळवली. मी गेलो की म्हणत, "जरा ऐका बरं, ह्या टायमाला कमी हाय ना?" मी म्हणे, हो, वाटतं कमी. ते माझ्याकडे बघत आणि समजत. तसे कमी झालेले नसे.

त्या थंडीत त्यांचा खोकला वाढला. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की ही जागा सोडा, मोकळ्या हवेत राहा. कोऱ्हाळ्याचा भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला. "दादा, मळ्यात खोली बांधलीया, चला आता." मिस्त्री त्याला म्हणाले, "तिकडं डायनामो हाय का तुझ्याकडं? एकदा ह्ये निर्मळ वाजू दे, मग दुसऱ्या दिशी येतो." भाऊ माझ्याकडे बघू लागला, की मास्तर, तुम्ही तरी सांगा. मी सांगितले नाही. मलाही ते वाजलेले ऐकायचे होते.

कोडे सुटले ते हलिमाभाभींमुळे. हंगाम संपायला आठवडा राहिला होता. मिस्त्री पेटीपुढे डोके धरून बसले होते, मी नुसताच बसलो होतो. भाभी बाहेर भिंतीपाशी भांडी घासत होत्या, त्या हात पुसत दारात आल्या. "एक बोलू का? मी हितं भांड्याचं पाणी वतलं की तुमचा भुंगा जरा दबतोय. ऊन पडून वाळलं की पुन्हा वरडाय लागतोय. लई दिस झालं बघतीया मी." त्या भिंतीपाशीच, माझ्या कागदात लिहिल्याप्रमाणे, तांब्याचा पत्रा पुरून पेटीची तार जमिनीत सोडलेली होती. मिस्त्री उठले. भाभींच्या हातून बादली घेतली, त्या जागी ओतली आणि आत येऊन कान देऊन उभे राहिले. घूं खरेच बसले होते, थोडे. मग त्यांची नजर कर्ण्याकडे गेली. कर्ण्याच्या पत्र्याला जमिनीची दुसरी तार होती, ती इंजिनाच्या पाण्याच्या नळाला बांधलेली. "हितली जमीन कोरडी, तितली वली," ते हळूहळू म्हणाले. "एकाच वाद्याला दोन जमिनी दिल्यात आपण, मास्तर. त्या दोघींची ओढाताण चाललीया. त्यो आवाज तिचा हाय." त्यांनी पक्कड घेतली आणि कर्ण्याची तार तोडली.

पेटी इतकी शांत झाली की मिस्त्रींना वीज गेली असे वाटले. वाकून पाहिले तर दिवे जळत होते. त्यांनी हात पुढे केला. एकटा, स्वच्छ सूर आला. त्यांनी तो जागच्या जागी धरून ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले तरी हात हलवला नाही.

मी घरी आलो आणि मासिक काढले. जमिनीच्या तारेचे वाक्य पुन्हा वाचले. तिथे लिहिले होते, की तार पेटीला द्यावी किंवा कर्ण्याला, दोन्हीला कदापि देऊ नये. आणि माझ्या कागदावर, चालत्या मोटारीत लिहिलेल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, होते: दोन्हीकडे द्यावी. एक ओळ मी घाईने वाचली होती, आणि एका माणसाचा हंगाम त्या ओळीत गेला होता. नुसता हंगाम नव्हे. त्या धुळीत ते थांबले ते याच्यासाठी.

मला सांगायला तीन रविवार लागले. शेवटी सांगितले. मिस्त्री सुपारी कातरत होते, अडकित्ता थांबला. "म्हंजे अख्खा हंगाम, मास्तर," एवढेच म्हणाले. रागावले असते तर बरे झाले असते. मग त्यांनी भाभींना चहा टाकायला सांगितले, आणि मी निघताना नेहमीसारखे फाटकापर्यंत आले. त्यांनी मला माफ केले की नाही, मला माहीत नाही. पुढे तो विषय त्यांनी कधी काढला नाही, मलाही काढता आला नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते कोऱ्हाळ्याला भावाकडे राहिले, खोकला पुष्कळ उतरला. भावाला वाटले, आता इथेच. पण दिवाळी झाली आणि मिस्त्री ट्रंक घेऊन बारामतीच्या रस्त्याला लागले. "एवढा एक हंगाम वाजवतो. मग न्हाई." आणि काय वाजवले त्यांनी! पाळी संपली की अंघोळ करून पेटीपुढे उभे राहत. सरकी निवडणाऱ्या बाया घरी जाताजाता ओसरीवर टेकत. एक म्हातारी दरवेळी विचारायची, "आत कोण गातंय?" आणि मिस्त्री गंभीरपणे सांगत, "हाय एक पाव्हणी." दिलरुब्याची मींड त्यांच्या उजव्या हातात पुन्हा आली होती. मध्येच खोकल्याची उबळ येई, हात हले, सूर फाटे. ते खोकून घेत आणि तोच सूर पुन्हा पहिल्यापासून धरत.

अडीच महिने. पौष संपता संपता ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या भेटीत त्यांना बोलवत नव्हते. मी उशाशी बसलो होतो आणि त्यांनी माझे मनगट धरून ठेवले होते, त्या तीन बोटांच्या पंजाने. मला वाटले, आता तरी विषय काढावा. मी "मिस्त्री..." म्हणालो. त्यांनी मान हलवली. नको, अशी की असू द्या, अशी... ते मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही.

मिस्त्रींचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी भाभींना भेटायला गेलो. कोऱ्हाळ्याचा भाऊ त्यांना न्यायला येणार होता, सामान बांधून झाले होते. पेटी मात्र जागच्या जागी, वर चादर घातलेली. भाभी म्हणाल्या, "ही कोण नेणार? तिकडं वीज न्हाय. पर कुणाला द्यायची न्हाय मला." मग थोडे थांबून म्हणाल्या, "एकदा लावा. मी कधी हिच्याम्होरं उभी राहिले न्हाय."

मी चादर काढली, बटण दाबले, दिवे तापू दिले. भाभी डोक्यावरचा पदर सारखा करून पुढे झाल्या आणि सूर आला. त्या दचकून मागे सरल्या, सूर खाली गेला. पुन्हा पुढे आल्या. त्यांचा हात कापत होता आणि सूरही तसाच कापत होता. "मी आल्यालं ह्याला कळतंय व्हय, मास्तर?" मी म्हणालो, "कळतंय." त्या हात लांब करून उभ्या राहिल्या, एकाच जागी, त्या एका थरथरत्या सुरासाठी.

इतक्यात कारखान्यात दोनचा भोंगा झाला. पाळी बदलायला इंजिन थांबते तसे ते थांबू लागले. धडधड संथ झाली, दिवे काळवंडत गेले, आणि सूर उतरत, उतरत, बारीक होत नाहीसा झाला. बाहेर बैलगाडीची घुंगरे ऐकू आली. भाभींचा हात अजून तसाच होता, हवेत.