पाणी आणायच्या जोड्या

बाळांनो, मागच्या आठवड्यात तुम्ही मला एक जाहिरात पाठवलीत. डोंगरातले तंबू, शेकोटी, डोळे मिटून बसलेली माणसं. खाली तुमचा प्रश्न होता, "आजी, तू दरवर्षी जातेस ते हेच का?" मी "हो" एवढंच लिहिलं. ते अर्धवट उत्तर होतं, आणि शाळेत शिकवत होते तेव्हा अशा उत्तरांचे मी मार्क कापत असे. शिवाय यंदा तिथून मी चिडून परत आले आहे. चीड ओसरली की मी सगळं गोड करून सांगते, हा माझा दोष मला ठाऊक आहे. म्हणून आत्ताच लिहिते.

त्र्यंबकच्या पुढे जव्हारच्या रस्त्याने जाऊन डावीकडे वर चढलं की आमच्या चर्चची वाडी लागते. दोन लांब कौलारू खोल्या, एक ओटा, करवंदीच्या जाळ्या आणि मागे उभा कडा. दर नोव्हेंबरात आम्ही तीसेक माणसं तिथे तीन दिवस राहत असू. त्याला आम्ही रिट्रीट म्हणतो. सकाळी मौन, दुपारी वाचन, संध्याकाळी गाणी. जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी. तिसऱ्या सकाळी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळ्यांनी मिळून घ्यायचा, आणि मग घरी.

वाडीवर नळ नव्हता. पाणी खालच्या झऱ्यावरून आणावं लागे. बांबूच्या दांडीला मधोमध पितळी हंडा टांगायचा आणि दोन टोकं दोघांनी खांद्यावर घ्यायची. शेवटच्या सकाळचं पाणी ज्यांचं एकमेकांशी बिनसलं असेल त्यांनी आणायचं, अशी रीत पडली होती. कुठे लिहिलेली नव्हती. ज्याच्या मनात अढी असे तो दुसऱ्यापाशी जाऊन नुसतं "पाण्याला येतोस का?" म्हणे. पायवाट अशी की दोघांना बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. हळू. थांब. दगड आहे. वर येईपर्यंत तोंडं उघडलेली असत, आणि मगच प्रभुभोजनाला बसायचं.

मग मी रिट्रीटची सेक्रेटरी झाले. मी टाइमटेबल टाइप केलं, भांडी घासायच्या पाळ्या लावल्या, घंटेची वेळ मिनिटावर आणली. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या वर्षी मी पाण्याच्या जोड्यांचीही यादी केली. मला वाटलं, लोक एकमेकांना विचारायला संकोचतात, तर आपण सोय करावी. कोणाचं कोणाशी बिनसलं आहे हे मला माहीत होतंच. यादी दारावर चिकटवली. सगळ्यात वर माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं नाव लिहिलं. स्वतःपासून सुरुवात केली म्हणून मनातून खूशही होते.

आमचं दोघींचं तेव्हा थोडंसंच बिनसलं होतं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात मी उशापायथ्याला बसायच्या पाळ्या लावल्या होत्या, ते तिला लागलं होतं. तिने दारावरची यादी वाचली. सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, सासूबाई गेल्या तरी तुमचं वेळापत्रक काही गेलं नाही. माझा राग तुम्ही नोटीस बोर्डावर लावलात?" ती त्याच सकाळी मिळेल त्या जीपने नाशिकला निघून गेली. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एका चर्चमध्ये, तीन बाकांच्या अंतरावर बसलो आणि एकमेकींशी बोललो नाही.

यंदा कळलं की ती नाशिकचं घर बंद करून बंगळुरूला लेकीकडे कायमची जाणार. जाण्याआधी ती रिट्रीटला येणार होती. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, ती चौऱ्याहत्तर. पाण्याला येतेस का, एवढे तीन शब्द मला म्हणायचे होते. त्यासाठीच मी गेले.

आणि वाडीवर नळ आला होता. पायवाटेच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकल्या होत्या. पितळी हंडा दारात ठेवला होता, झेंडूची फुलं भरून, फोटो काढायला. पुण्याहून आलेला एक हसरा माणूस गालापाशी माइक लावून आम्हाला खांदे सैल सोडायला सांगत होता. मौनाची वेळ आता पंधरा मिनिटं, आणि तीही बासरीच्या रेकॉर्डवर. मी विचारलं, "मौनात बासरी कशाला?" तो म्हणाला, "आजी, शांतता लोकांना झेपत नाही हो."

दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात लिहिलं होतं: क्षमा, चार ते साडेचार. मी ते वाचून हातातला कप खाली ठेवला. हे कोणी सुरू केलं, हे मला दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नव्हती.

चार वाजता आम्हाला गोलात बसवून चिठ्ठ्या वाटल्या. ज्याला क्षमा करायची त्याचं नाव लिहायचं आणि मडक्यातल्या विस्तवात टाकायचं. माइकवाल्याने जावेपुढे चिठ्ठी धरली. तिने ती घेतली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताईंना द्या दोन. त्यांना नावं लिहायची फार हौस."

सगळे हसले. माझे कान तापले. पण अकरा वर्षांनी तिने मला ताई म्हटलं होतं.

तिसऱ्या सकाळी मी हंड्यातली फुलं ओट्यावर ओतली. वाडी सांभाळणाऱ्या बाईने माळ्यावरून दांडी काढून दिली. "तिकडं आता कोन जातंय, बाई? नळाला लय पाणी हाय," ती म्हणाली. मी दांडी घेऊन जावेच्या खाटेपाशी गेले.

"पाण्याला येतेस का?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "गुडघे बघितलेत का तुमचे?"

"तुझे कुठे धड आहेत?"

"नाहीतच," म्हणाली, आणि चपला घातल्या.

फांद्या बाजूला करायलाच आम्हाला दहा मिनिटं लागली. उतरताना ती दोनदा घसरली, मी एकदा. झरा बारीक झाला होता पण वाहत होता. हंडा अर्धा भरला, तरी उचलताना दोघींच्या तोंडून एकदमच "आई गं" निघालं. चढावर मी पुढे होते.

"हळू चाला की. मागे माणूस आहे."

"वेळेत पोचायला हवं."

"बघा! सासूबाईंच्या वेळीही हेच. तुम्ही पुढे, हातात घड्याळ. मला त्यांच्यापाशी बसायला पाळी लागत नव्हती, ताई. मी येणारच होते, रोज."

मी दांडी खाली ठेवली. हंडा कलंडला आणि उरलंसुरलं पाणी वाटेवरून परत खाली गेलं. आम्ही दोघी दगडावर बसलो.

"यादी लावायच्या आधी एकदा दारात आला असतात," ती म्हणाली, "तर मी चहा टाकला असता. संपलं असतं."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"काय?"

"चुकलं म्हटलं ना."

"ऐकू आलं होतं. परत ऐकायचं होतं."

परत उतरायची ताकद नव्हती. रिकामा हंडा घेऊन वर आलो तेव्हा प्रभुभोजन उरकलं होतं. नव्या सेक्रेटरीने घड्याळ दाखवलं. "आजी, नऊ म्हणजे नऊ. तुम्हीच शिकवलंत ना?" गाडी दारात उभी होती, सामान वर चढलं होतं. ज्यासाठी मन साफ करायचं तेच आमच्याविना झालं. चर्चमध्ये पुढच्या रविवारी मी एकटीच प्रभुभोजनाला बसले, कारण त्याआधीच्या गुरुवारी ती बंगळुरूला गेली. अकरा वर्षांतल्या कोणत्याही दिवशी मला तिचं दार वाजवता आलं असतं. रिक्षाने दहा मिनिटांवर राहत होती. बासरीवाल्या त्या माणसावर मी खूप चिडले, पण माझा खरा राग त्या दहा मिनिटांवर आहे, आणि तो काही केल्या उतरत नाही.

मी तिला लिहिलं होतं की शनिवारी पाच वाजता फोन करत जा. ती मुद्दाम तसं करत नाही. एकदा मी कणीक मळत असताना तिने केला, एकदा मी आंघोळीत असताना, काल दुपारी डोळा लागला असताना. मी वैतागते आणि उचलते.

वाडीवरचा झरा अजून वाहतो. तिचा फोन येतो.