सरांच्या तोंडचं गणित

गणित शिकवताना माणूस नेमकं काय बोलतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय. भाषाविज्ञानवाले एखाद्या बोलीचं जे करतात तेच मी गणिताच्या तासाचं करतो. बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, शब्दन् शब्द उतरवायचा, माणूस कुठे थांबला, कुठे वळला ते बघायचं. आमच्या नातेवाइकांना हे पटत नाही. "गणिताले कायची आली भाषा?" असं विचारतात. मी विषय बदलतो, कारण उत्तर लांबलचक आहे आणि त्यांना जेवायची घाई असते.

खरं उत्तर हिंगणीला राहतं. माझे शाळेतले गणिताचे सर. प्रमेय सांगायचे ते पुस्तकी मराठीत, अगदी तोंडबिंड धुऊन आल्यासारखं. कारण सांगायची वेळ आली की घरच्या बोलीत उतरायचे. पुस्तकात दोन ओळींच्या मध्ये नुसतं 'म्हणून' छापलेलं असे. सर तिथे अडून बसायचे, "काऊन?", म्हणजे का, असं विचारायचे आणि उत्तर मिळेस्तोवर कोणाला सोडायचे नाहीत. मला गणित कळलं ते त्या मधल्या जागेत. पुढे मोठमोठ्या ठिकाणी शिकलो, पण तसं बोलणं कुठेच ऐकलं नाही. चांगल्या चांगल्या व्याख्यानांत बसून मी हिंगणीची आठवण काढत असे.

मागच्या उन्हाळ्यात कळलं, सरांच्या घशाचं ऑपरेशन ठरलंय. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन आत गाठ झाली होती. जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. हातातलं सगळं टाकून मी निघालो आणि वर्ध्याहून हिंगणीची एसटी धरली. अभ्यासासाठी सरांचा एक तास ध्वनिमुद्रित करून ठेवायचा, असं मी त्यांना फोनवर कळवलं होतं आणि स्वतःलाही सांगत होतो. साफ खोटं. मला तो आवाज हवा होता.

दार काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं उघडलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीत तयारच होते. तिथे भिंतीला काळा रंग मारून फळा केलेला. निवृत्तीनंतरच्या त्यांच्या शिकवण्या तिथेच चालायच्या. मी फोन ध्वनिमुद्रणाला लावला आणि सर सुरू झाले, "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज एकशे ऐंशी अंश असते, हे आपण आता सिद्ध करणार आहोत." शेवटपर्यंत असंच. त्यापेक्षा रेडिओवरच्या बातम्या बऱ्या.

मी फोन बंद केला. "सर, वर्गात बोलायचे तसं बोला ना."

"अबे, मोठ्या लोकायले ऐकाचं हाय ते. गावंढळ वाटते तसं."

पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं. चार दिवसांत या माणसाचा आवाज जाणार आणि हा मला पुस्तक वाचून दाखवतोय! फोन चालूच ठेवून मी खडू उचलला. "राहू द्या, मीच करतो." रागारागात त्रिकोणाच्या शेंड्यातून एक आडवी रेघ ओढली आणि म्हणालो, "हे दोन व्युत्क्रम कोन, म्हणून समान."

"थांब. काऊन समान?"

"रेघ पायाला समांतर आहे ना, सर."

"कोनं सांगतलं? समांतर तुह्या मनात हाय, फळ्यावर कुठी हाय? तू गपकन रेघ मारली अन् मी मानून घेऊ?"

मग सर सुटले. खडू माझ्या हातून हिसकावून घेतला. आवाज फाटत होता, मध्येच थांबून पाणी पीत होते, पण एकेका रेघेला जाब विचारत होते. मी मान खाली घालून शिव्या खाल्ल्या आणि मला इतकं बरं वाटत होतं की रडू येईल असं झालं.

ऑपरेशन पार पडलं. दिवाळीनंतर भेटायला गेलो तेव्हा सर गळ्याला रुमाल बांधून ओसरीत बसले होते. हातानेच बस म्हणाले. "तुमचा तास ऐकता का?" असं विचारलं, तर त्यांनी मान डोलावली. मी तो रागावलेला तास लावला. सर डोळे मिटून ऐकत राहिले.

सिद्धता संपली. एरवी गणित संपलं की पुढचं मी कापून टाकतो, हे कापायचं राहिलं होतं. फोनमध्ये सरांनी हात झटकल्याचा आवाज आला आणि ते जोरात म्हणाले, "अवं, चहा मांडजो. पोरगं केव्हाचं उभं हाय."

"मांडते जी," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

भांड्याचा आवाज झाला आणि लगेच थांबला. काकू घाईघाईने दारात आल्या, हातात साखरेचा डबा. आधी सरांकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे.

"असं हाय होय," त्या म्हणाल्या.

मला जागेवर मेल्यासारखं झालं. फोन कुठे ठेवू कळेना. सरांनी काकूंकडे बघत हात वर केला आणि कप तोंडाला लावल्याची खूण केली.

"हो जी," काकू म्हणाल्या, "मांडूनच राह्यली."

आणि आत गेल्या.